उपडा पेला

"पांढरीचं मन, विहिरीचं पाणी,
तळातली नाणी, दिसती गं…"

आत्याचा आवाज. जाडसर, जरासा घोगरा, आणि शेवटच्या 'गं'वर हमखास चिरकणारा. धाकटी सहा वर्षांची होती तेव्हा तिने तो पहिल्यांदा तळघरात ऐकला. पिंपाच्या पोटाला कान लावून आत्या गात होती, आणि आत नवी वाईन आंबत होती… बुडबुड, सुरसुर, जणू गाण्याला हुंकार देत होती.

"लाल वाईन लबाड गं पोरी," आत्या म्हणाली होती, "रंगाच्या पांघरुणाखाली सतरा दोष झाकते. पांढरीला पांघरूणच नाही. जे असेल ते सांगून मोकळी. तुला हिच्याजवळ राहायचंय ना? मग तुलाही काही लपवून चालायचं नाही."

"नाही लपवणार," धाकटीने गळ्याची शपथ घेतली होती. सहा वर्षांच्या मुलीकडे लपवायला असतं तरी काय? खिशातल्या दोन चिकट गोळ्या.

आता धाकटी सव्वीस वर्षांची होती. आणि गेल्या वसंतापासून ती एक गोष्ट लपवत होती.

तिला वास येत नव्हता.

साधासा ताप आला होता. चार दिवस राहिला, आणि पाहुण्याने जाता जाता चांदीचा चमचा खिशात घालावा तसा सगळा वास घेऊन गेला. पाचव्या दिवशी वहिनीने कॉफी आणून दिली. धाकटीने कप नाकाशी धरला… गरम वाफ लागली, बस. मग ती अंगणात गेली, फुलं हुंगली. मातीचं ढेकूळ फोडलं. बाबांचा जुना स्वेटर तोंडावर दाबून धरला, ज्यात लहानपणी नुसतं डोकं खुपसलं तरी झोप लागायची. काही नाही. सगळं जग तिथंच होतं, आणि सगळ्या जगाने तिच्याशी अबोला धरला होता.

दात दुखतोय असं सांगून ती शहरातल्या डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, "येईलही परत. नाहीही येणार." एवढं सांगायला इतकी वर्षं शिकावं लागतं?

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर लोक हळहळले असते, आणि दोन दिवसांत विसरले असते. पण धाकटी या घरची 'नाक' होती.

डोंगराच्या उतारावर त्यांचा द्राक्षमळा. चार पिढ्या एकच पांढरी वाईन करत आलेलं घर. मळ्याचे बारा तुकडे, बारा तुकड्यांच्या रसाची बारा पिंपं, आणि दर वसंतात त्यातली कुठली घ्यायची नि कुठली सोडायची ते ठरवून सगळी एका टाकीत एकत्र करायची… त्याला घरात 'मिसळण' म्हणत. ठरवणारं माणूस एकच. त्याला 'नाक' म्हणत. मिसळणीच्या दिवशी निवड होईपर्यंत तळघरात नाकाशिवाय कुणी उतरायचं नाही. पिंपांवर नंबर घालायचे नाहीत, कारण "नंबर घातला की नाक झोपी जातं," असं आत्या म्हणायची. आणि नाक थकलं, की त्याने आपला पेला आपल्याच हाताने टेबलावर उपडा घालायचा. आत्याने तीन वर्षांपूर्वी घातला होता. "झालं माझं," म्हणाली, आणि दोन महिन्यांत गेलीही.

दादाला या पांढऱ्या वेलींचं ओझं झालं होतं. "म्हाताऱ्या झाल्यात. द्राक्ष मूठभर, आणि लाड राजकन्येचे. उपटू आणि लाल लावू, बाबा." दर वर्षी तो म्हणायचा, आणि दर वर्षी बाबा तेच उत्तर द्यायचे, "घरात नाक आहे तोवर त्या वेलींना कुऱ्हाड लागायची नाही. नाक गेलं की तू मुखत्यार."

म्हणजे धाकटीने तोंड उघडलं की पेला उपडा. आणि पेला उपडा झाला की कुऱ्हाड. आत्याने ज्यांना हात लावून लावून वाढवलं त्या सगळ्या वेलींवर.

धाकटीने तोंड मिटलं.

*

तो भेटला उन्हाळा सरता सरता. द्राक्षं उतरवायला अजून पंधरा दिवस होते, आणि आभाळातून नुसती भुरभुर चालली होती, ओलं करील न करील अशी. ती मळ्यातून परतत होती. ओढणी डोक्यावर घेऊन धावली आणि मागच्या पत्र्याच्या शेडखाली शिरली. तिथे रिकामी पिंपं आडवी मांडलेली, आणि त्यांच्यामध्ये एक अनोळखी माणूस. बाह्या दुमडलेल्या, केसांत लाकडाचा भुसा, आणि नाकातोंडावर घट्ट बांधलेला रुमाल.

"दरोडा घालायचाय का?" तिने विचारलं.

"घातला असता," रुमालाआडून आवाज आला, "पण घरात रिकाम्या पिंपांशिवाय काही दिसलं नाही." भुवया हसल्या. "पिंपवाल्याचा मुलगा. बाबांचे हात थरथरतात आता. यंदापासून मीच येणार."

"आणि रुमाल?"

"तो… धुळीसाठी." तो जरासा अडखळला. "आपण?"

"मी या घरची नाक."

"अरे बापरे!" त्याने चटकन हात पुसले. "मग उभं राहायला हवं नीट. तुमच्या नाकाची कीर्ती नदीपलीकडे आहे. माझे बाबा म्हणतात, त्या पोरीसमोर मोजेही धुऊन घालून जा."

हसावं की रडावं ते तिला कळेना. पण कुणी आपल्याला नाक म्हटलं की नाकासारखं वागावं लागतं. समोर एका पिंपाचं एका बाजूचं झाकण काढलेलं होतं. आत काळोख. सवयीने, किंवा सवयीचं सोंग म्हणून, ती वाकली, डोकं आत घातलं, डोळे मिटले, आणि आत्या घ्यायची तसा सावकाश श्वास घेतला.

"छान आहे," ती म्हणाली. "जुन्या लाकडाचा गोडवा आहे अजून. थोडासा… फुलांसारखा."

पत्र्यावर भुरभुर वाजत राहिली. ती वळली तेव्हा तो तिच्याकडे बघत होता… टक लावून नव्हे, तर वाटेत पडलेलं पाखरू जिवंत आहे का ते बघावं तसा.

"हं," तो हळूच म्हणाला. "फुलांसारखा. खरंय." मग खाली बघत म्हणाला, "पण ते पिंप मी बाद करतोय. फळी फुटलीय. तुमच्या दादांना सांगतो."

पाऊस थांबला. तिने निघताना मागे वळून पाहिलं. तो अजून रुमाल बांधूनच उभा होता. विचित्रच आहे, तिला वाटलं. आणि दिवसभर तेच वाटत राहिलं.

*

द्राक्षं उतरली, रस निघाला, पिंपं भरली. आणि पिंपवाला येतच राहिला. कधी कडं ठोकायला, कधी बूच बदलायला, कधी काहीच नसताना हातोडी घेऊन.

"या पिंपवाल्याला," बाबा एकदा जेवताना म्हणाले, "आपली पिंपं फारच गळतात असं दिसतंय."

"पिंपं नाही हो बाबा, दुसरंच काहीतरी गळतंय," वहिनी म्हणाली, आणि धाकटीने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

त्याला बडबडायची सवय होती. पिंपावर टकटक करत, कुणालाही न सांगितल्यासारखं सांगत राहायचा. "हे बघा साहेब आज कसे खुलले. पिकलेलं नासपती नुसतं. आणि या कोपऱ्यातल्या बाईसाहेब रुसल्यात, लिंबाच्या सालीपलीकडे बोलायला तयार नाहीत. हा शेजारचा पोरगा मात्र गुणी, मध चाटून आलाय…"

"सगळ्यांशी असंच बोलतोस?" तिने एकदा विचारलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"लाकडाशी बोलतो. ते उलट उत्तर देत नाही."

"म्हणजे मी देते?"

"तू तर एका प्रश्नाला तीन देतेस. मोजून."

ती हसायची. आणि हसता हसता चोरायची. नासपती… लिंबाची साल… मध. दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेली फळं ओटीत भरावी तशी ती त्याचे शब्द गोळा करायची, आणि संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काय म्हणतात पिंपं?" की एकेक काढून द्यायची. बाबा डोळे मिटून ऐकत. "अगदी बहिणीसारखं बोलतेस," एकदा म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला. त्या दिवशी तिने खोलीचं दार लावून घेतलं आणि उशीत तोंड खुपसलं. उशीलाही कसला वास नव्हता.

माणसाच्या प्रेमात पडावं तर कसं पडावं? लोक सांगतात, त्याच्या शर्टाचा वास, केसांचा वास. तो शेजारी उभा राहिला की तिला त्याच्या अंगाची ऊब कळायची, बोटांवरचे घट्टे दिसायचे, मानेवरचा तीळ दिसायचा. पण चित्र भिंतीवर असावं तसं. आत शिरता येईना.

शेवटी तिने वहिनीला गाठलं. वहिनी कपडे वाळत घालत होती.

"वहिनी… पिंपवाल्याला कसला वास येतो गं?"

वहिनीच्या हातातला चिमटा पडला. "काय?"

"म्हणजे… सहज."

"सहज! घामाचा येतो, आणखी कसला? अत्तराच्या बाटलीत बुडवून पाठवतात का त्याला त्याच्या घरून?" मग वहिनीने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? तासलेल्या ताज्या लाकडाचा येतो. आणि किंचित धुराचा. चांगला आहे गं." मग गालगुच्चा घेतला. "पण तू कशाला मला विचारतेस? घरची नाक तू. जवळ जाऊन बघ की!"

ताजं लाकूड आणि धूर. धाकटीने ते दोन शब्द घेतले आणि ठेवून दिले. उसने घेतले. तिचं सगळंच उसनं होतं आता.

*

थंडी पडली. वाईन शांत झाली, नुसती मधूनच कुजबुजायची. एका दुपारी दोघंही एकाच पिंपाला कान लावून उभी होती, ती इकडून, तो तिकडून. मध्ये तेवढं लाकूड.

"ऐकू येतंय?" तो म्हणाला.

"हं… तुला?"

"मला दुसरंच काहीतरी ऐकू येतंय. धडधडतंय. पिंपात उंदीर शिरला की काय?"

"गप."

"बरं, गप." पण तो गप बसणाऱ्यांतला नव्हता. पिंपाच्या वरून त्याचे डोळे आले. "माझ्या दुकानावर दोन खोल्या आहेत. फार मोठ्या नाहीत. एका खिडकीतून नदी दिसते. दुसरीतून… शेजारच्यांची भिंत. मी म्हणत होतो… नदीची खिडकी तुला. भिंतीची मला. चालेल का?"

हो म्हणायला तिने ओठ उघडलेही होते. आणि त्याच क्षणी मनात कुणीतरी विचारलं, कुणाला हो म्हणतेयस गं? त्याला, की त्याच्या नाकाला? उद्या तुला वास परत आला, किंवा उद्या याचीच बडबड बंद पडली… तर? आणि याला तरी कुठे माहीत आहे, कसली फसवी मुलगी मागतोय ते?

"मिसळण झाली की सांगते," ती म्हणाली.

"त्याला अजून दोन महिने आहेत."

"मग दोन महिन्यांनी सांगते."

"नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण. मी रडतो फार मोठ्याने, आत्ता निदान तळघर आहे."

"मी नाही म्हटलं का?"

"हो तरी कुठे म्हटलंस?" तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "बरं. थांबतो. पिंपवाल्याला थांबता येतं. लाकूड वाळायलाच तीन वर्षं लागतात."

*

मिसळणीला आठवडा होता. पिंपवाला लाकूड आणायला डोंगरापलीकडे निघाला होता. जायच्या आधी तळघरात आला. यावेळी बडबडला नाही. सरळ तिच्यापाशी येऊन उभा राहिला.

"खिडकीपासून तिसरं पिंप," तो म्हणाला. "मी त्याच्या बुडाची फळी बदलली होती ना, ती बाधलीय. ओल्या पुठ्ठ्याचा वास धरलाय. माझीच चूक, लाकूड नीट वाळलेलं नव्हतं. ते घेऊ नकोस. चार दिवसांत येतो, मग मीच उचलून बाहेर नेतो."

"कळलाय मला तो वास," ती म्हणाली. खोटं आता किती सहज यायचं!

त्याने मान हलवली. काहीतरी बोलायला थांबला… आणि गेला.

दुसऱ्याच दिवशी उकाडा वाढला. बाबांनी आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "थांबण्यात अर्थ नाही. उद्याच मिसळण." त्या संध्याकाळी दादाने पंप तळघरात नेला. जागा पुरेना, म्हणून त्याने गड्याला हाताशी घेऊन खिडकीकडची चार-पाच पिंपं इकडची तिकडे केली. कुणाला सांगायचं त्याला सुचलं नाही. सांगायचं तरी का? पिंप कुठेही असलं तरी नाक त्याला ओळखणारच. नंबर नसतात ते त्याचसाठी.

सकाळी धाकटी एकटी तळघरात उतरली. पिंपं एकसारखी, काळसर, गप्प. तिने खिडकीपासून मोजलं… एक, दोन, तीन. तिसऱ्यावर खडूने फुली मारली. मग काचेच्या नळीने प्रत्येक पिंपातून थोडी थोडी वाईन काढली, पेल्यात ओतली, उजेडात धरली. प्रत्येक पेल्यात नाक घातलं. जिभेला आंबट लागलं, थोडं कडवट लागलं. बाकी सगळीकडे तीच कोरी शांतता. पाचव्या पिंपापाशी ती का कोण जाणे जरा थबकली. आत्या असती तर या पिंपाच्या चार पावलं आधीच तिने नाक मुरडलं असतं. धाकटीने पेला पुन्हा हुंगला. वाट पाहिली. काही नाही.

तिने दादाला वर हाक मारली. "तिसरं सोडून सगळी घ्या."

पंप सुरू झाला.

*

दोन दिवसांनी दादाने टाकीचं झाकण उघडलं, आणि वहिनीला स्वयंपाकघरात त्याची हाक ऐकू गेली. हाक कसली, किंकाळीच. सगळे धावले. धाकटी सगळ्यांच्या मागे. पायऱ्या उतरताना तिने बाबांचा चेहरा पाहिला, त्यांनी रुमाल नाकाला लावलेला पाहिला, वहिनीने तोंड फिरवलेलं पाहिलं. सगळ्यांना काहीतरी दिसत होतं, जे तिला दिसत नव्हतं. पण ते काय होतं हे तिला कळलं. तळपायापासून कळलं.

नेमका त्याच वेळी पिंपवाला दारात आला. खांद्यावर प्रवासाची धूळ. त्याने एक श्वास घेतला… आणि त्याचा चेहरा उतरला.

"फळी तू बदललीस ना?" दादा त्याच्या अंगावर गेला. "अख्खं वर्ष! अख्खं वर्ष पुठ्ठ्यासारखं घाण मारतंय! तुला वास आला नाही?"

पिंपवाल्याने पिंपांच्या रांगेकडे पाहिलं. खडूच्या फुलीकडे पाहिलं. पाचव्या पिंपाच्या बुडाकडे पाहिलं. मग धाकटीकडे, एकदाच.

"नाही," तो म्हणाला. "मला वास आला नाही."

"पिंपवाल्याला वास आला नाही!" दादा हसला, ते हसणं ऐकवेना. "अरे, मग तू सुतारकी कर. खुर्च्या कर. या डोंगरावरच्या एकाही मळ्यात तुला पाऊल टाकू देणार नाही मी."

"पण धाकटीने तर हुंगून…" वहिनीने विचारायला सुरुवात केली.

"थंडीत दबून राहतो तो वास," पिंपवाला घाईने म्हणाला. "भल्याभल्या नाकांना कळत नाही. उकाडा लागला की वर येतो. यात त्यांचा काही दोष नाही."

बाबा थकून पायरीवर बसले होते. "खरंय," ते म्हणाले. "नाकाचा दोष नाही." आणि त्यांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचं ओझं तिला पेलवेना.

*

सगळे वर गेल्यावर ती त्याच्यामागे शेडमध्ये गेली. तो हत्यारं पोत्यात भरत होता.

"खोटं का बोललास? तू मला सांगितलं होतंस… तिसरं."

"पिंपं हलवलेली आहेत."

"मला कळायला हवं होतं ना ते! मी…"

"तुला कसं कळणार?" तो शांतपणे म्हणाला. "तुला वास येत नाही."

शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

"कधीपासून… कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून." त्याने हातोडी पोत्यात ठेवली. "तू ज्या पिंपात डोकं घातलंस ना, त्यात उंदीर मेला होता. तीन दिवसांचा. मी तो काढायला म्हणून रुमाल बांधला होता. आणि तू आत डोकं घालून म्हणालीस, फुलांसारखा."

तिच्या तोंडातून हसू फुटलं, आणि ते हसू अर्ध्यावरच मोडून त्याचं रडू झालं. "म्हणजे नासपती… मध… ती सगळी बडबड…"

"मला एरवी बडबडायची फार हौस नाही."

"आठ महिने! आठ महिने माझी कीव करत होतास?"

"कीव आली असती तर एका दिवसात सांगून टाकलं असतं," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज कापला. "वाटलं होतं, एक दिवस तूच सांगशील. मला. निदान मला तरी. रोज यायचो, रोज वाटायचं, आज सांगेल. तू नाही सांगितलंस, तेव्हा मीही नाही सांगितलं. तुझ्या खोट्याला मी टेकू देत बसलो. यात माझाही वाटा आहे, तो मी उचलतोय. एवढंच."

"तुझा धंदा जाईल."

"जाईल."

"मी सांगते त्यांना… आत्ता…"

"आणि तुझ्या आत्याच्या वेली?"

तिने बाहेर पाहिलं. शेडमधून उतारावरच्या त्या वेली दिसत होत्या, वाकड्या, जाड बुंध्याच्या. नुकते कोंब फुटलेले. कोवळे, हिरवे, काहीच माहीत नसलेले.

"मला एक उत्तर तेवढं देऊन टाक," तो म्हणाला. "मिसळण झालीय आता. हो म्हण की नाही म्हण. मग मी निघतो."

कुठल्या तोंडाने ती हो म्हणणार? त्याने पोत्याचं तोंड बांधलं.

तेवढ्यात वहिनी हाक मारत आली. "बाबा टेबलावर बोलावताहेत. दोघांनाही."

*

नवी वाईन टेबलावर आली की घरातल्या प्रत्येकाने एक वास सांगायचा, थोरल्यापासून सुरुवात करून. ज्याने पिंपं केली त्यानेही. शेवटी नाकाने. पांढरीसमोर खोटं बोलायचं नाही, हा नियम.

"आज कशाला बाबा?" दादा म्हणाला.

"पोर वाईट निघालं म्हणून बारसं करायचं नाही का?" बाबांनी बाटली उचलली. पाच पेल्यांत थोडी थोडी ओतली. रंग मात्र बघत राहावा असा होता, फिकट सोनेरी, दुपारचं ऊन गाळून घेतल्यासारखा. एवढं नितळ, आणि एवढं नासलेलं.

बाबांनी पेला नाकाशी नेला. "ओला पुठ्ठा," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले. दादा म्हणाला, "कुजकं लाकूड." वहिनीने डोळे पुसले. "वर्षभर न उघडलेली पेटी," ती पुटपुटली.

मग पिंपवाला. पोतं पायाशी होतं. त्याने पेला उचलला, हुंगला, खाली ठेवला.

"मला," तो म्हणाला, "कसलाच वास येत नाही."

त्या टेबलावर पांढरीसमोर कुणीतरी पहिल्यांदाच खोटं बोललं होतं. आणि ते खोटं तिचं होतं… शब्द न् शब्द तिचा. तो फक्त ते अंगावर घेऊन बसला होता, दुसऱ्याचा ओला कोट घालावा तसा.

"धाकटे," बाबा म्हणाले. "तू."

तिने पेला उचलला. तो नाकापाशी नेला नाही. त्यातली वाईन सावकाश पाण्याच्या तांब्यात ओतून टाकली. खिडकीतून वेली दिसत होत्या; दादा त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. आत्या, माफ कर गं, ती मनात म्हणाली. तुझी नाणी तळाला होती. मीच पाणी गढूळ केलं.

तिने पेला टेबलावर उपडा घातला.

टक… एवढाच आवाज झाला. बाबांनी मान वळवली. दादा अर्धवट उठला आणि तसाच राहिला.

"खोटं तो बोललाय, पण ते माझं आहे," धाकटी म्हणाली. आवाज चिरकला, आत्याच्या 'गं'सारखा. "वास मला येत नाही, बाबा. गेल्या वसंतापासून. मिसळणीनंतर आला होता ना, त्या तापापासून. या पिंपांबद्दल मी जे जे सांगितलं, ते सगळं याने सांगितलेलं. यानेच मला बजावलं होतं, खिडकीपासून तिसरं घेऊ नकोस. दादा, तू पिंपं हलवलीस, आणि मी जागा मोजून फुली मारली. मला मोजावं लागलं. वाईन याच्या फळीने नासली नाही. ती मी नासवली."

"धाकटे…" बाबांचा हात उपड्या पेल्याकडे गेला.

दादा वळला. पहिल्यांदाच त्या वेलींकडे बघत राहिला, आणि कुऱ्हाडीबद्दल एक शब्दही त्याच्या तोंडून निघाला नाही. निघायची गरजच नव्हती. सगळ्यांना ऐकू आलाच होता.

"वहिनी," ती म्हणाली, "मी तुला विचारलं होतं ना, याला कसला वास येतो म्हणून? तू मला चिडवलंस. मला खरंच माहीत नव्हतं. आठ महिने हा माझ्या शेजारी उभा राहिला, आणि मला अजूनही माहीत नाही. ताजं लाकूड आणि धूर… हे तू सांगितलेलं. मला ते कधीच कळणार नाहीये."

मग ती पिंपवाल्याकडे वळली. त्याचे हात टेबलावर होते, घट्टे पडलेले, रिकामे. आज तिला त्याच्याकडून काहीच चोरायचं उरलं नव्हतं.

"तरी हो," ती म्हणाली.